नोंदीतला शब्द कोणाच्या तोंडचा? बडोद्यातील एका वर्णन-दुरुस्ती सेवेचा अनुभव

बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या बाजूस आमचे जुने मराठी वाचनालय आहे. पुस्तके अकरा हजारांच्या आसपास आहेत आणि माळ्यावर ६४ रुमाल, म्हणजे कापडात बांधून ठेवलेली कागदांची गाठोडी आहेत. या रुमालांत गायकवाडी राज्यात वहिवाटदार (तालुक्याचे अधिकारी) आणि कारकून म्हणून चाकरी केलेल्या दोन घराण्यांनी दिलेले कागद आहेत, त्यांतले काही मोडीत, काही बाळबोधीत, थोडे गुजरातीत, आणि त्यांच्यासोबत छायाचित्रांच्या दोन पेट्याही आल्या. या सगळ्याची सूची १९५८ ते १९७४ या काळात आमच्या तेव्हाच्या ग्रंथपालांनी एकहाती, मोत्यासारख्या अक्षरात कार्डांवर लिहून काढली. ही सूची तपासून तिच्यातली अपमानकारक आणि दिशाभूल करणारी वर्णने वाचकांना सोबत घेऊन दुरुस्त करून देण्याचे काम आम्ही गेल्या हिवाळ्यात तीन जणांच्या एका लहान गटाला दिले. काम चार महिने चालले. त्याचा हा अभिप्राय आहे. गटाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत. ज्यांना खरोखर काम करून घ्यायचे आहे त्यांनी वाचनालयात येऊन विचारावे.

या कामाची गरज आम्हाला एका कार्डाने पटवली. अंत्यज शाळेत, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीच्या शाळेत, शिकलेल्या आपल्या आजोबांच्या गावाविषयी काही सापडते का हे पाहण्यासाठी एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. कार्डावर लिहिले होते, 'अंत्यज शाळा, तपासणी शेरा, मुलांच्या अस्वच्छतेबद्दल'. त्यांनी रुमाल सोडवून मूळ कागद मागितला. कागदात तपासनिसाने असे लिहिले होते की गावच्या विहिरीवर या मुलांना पाणी भरू देत नाहीत, शाळेत पिण्यापुरतेही पाणी नसते, मग हातपाय धुण्याची अपेक्षा कोणाकडून करावी, तरी सरकारने शाळेस स्वतंत्र विहीर द्यावी. बाईंनी कार्ड आणि कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मला विचारले, "हे कोणी लिहिलं?" दोन्हींपैकी कशाबद्दल विचारले, हे सांगायची गरज नव्हती. १९०० च्या आसपासचा सरकारी तपासनीस जे लिहू शकला ते आमच्या वाचनालयाला १९६० नंतरही लिहिता आले नव्हते, आणि वाचकाच्या हाती आधी जाते ते कार्डच.

असे काम करून देणारे लोक आपल्याकडे फार नाहीत. ग्रंथालयांना सूची संगणकावर चढवून देणारे पुष्कळ आहेत, पण ते कार्डावर असेल तसे उतरवतात आणि त्यात त्यांची चूक नाही. या गटात ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या एक बाई, मोडी वाचणारे एक गृहस्थ आणि संगणकाचे काम पाहणारा एक तरुण आहे. त्यांची पहिली भेट मला आवडली ती एका कारणासाठी. 'वाईट शब्दांची यादी द्या, आम्ही बदलून देतो' असे त्यांनी म्हटले नाही. (पुढे त्यांच्याकडे तशी यादी निघालीच, ते नंतर सांगतो.) त्यांनी आधी दहा कार्डे मागितली आणि प्रत्येक कार्डावरच्या मजकुराचे तीन भाग केले: जे मूळ कागदावर किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेले आहे ते, जे कागद देणाऱ्या घराण्याने सांगितले ते, आणि जे आमच्या ग्रंथपालांनी स्वतःच्या शब्दांत जोडले ते.

माझ्या मते या सेवेची सगळी किंमत या तीन रकान्यांत आहे. कार्डावर हे तीन आवाज एकाच शाईत, एकाच वळणात लिहिलेले असल्यामुळे पन्नास वर्षे आम्ही ते एकच समजत होतो. पुस्तकाचे नाव छापलेले असेल तसेच ठेवायचे, त्यात कितीही बोचरा शब्द असला तरी हात लावायचा नाही, कारण तो लेखकाचा आणि त्याच्या काळाचा पुरावा आहे. घराण्याने सांगितलेली माहिती 'घराण्याच्या सांगण्यानुसार' असे म्हणून ठेवायची. बदलायचे ते फक्त आमचे शब्द, म्हणजे सारांश, विषय-शीर्षके (ज्या विषयनावाखाली वाचक शोधतो ती) आणि नाव नसलेल्या कागदांना आम्ही दिलेली नावे. अभिलेखागारांच्या कामात हा भेद जुना आणि मान्य आहे, पण आमच्यासारख्या हौशी वाचनालयात तो कोणी समजावून सांगितला नव्हता. विहिरीच्या त्या कार्डात 'अंत्यज शाळा' हे राज्याच्या कागदावरचे नाव होते, तर 'मुलांच्या अस्वच्छतेबद्दल' हे आमचे होते. पहिले राहिले. दुसऱ्याच्या जागी आता 'विहिरीवर पाणी नाकारल्याबद्दल आणि शाळेस स्वतंत्र विहीर मागण्याबद्दल' असे आहे.

दुसरा टप्पा बैठकांचा. ज्यांच्याविषयी कार्डे लिहिली गेली आहेत त्या समाजांतील माणसांनी टेबलाशी बसल्याशिवाय एकही शीर्षक बदलायचे नाही, आणि बसणाऱ्याला त्याच्या वेळेचे मानधन द्यायचे, ही गटाची अट होती. आमच्या विश्वस्तांपैकी एकांना मानधन खटकले. चहा आणि सत्कार पुरे नाही का, असे त्यांचे म्हणणे होते. गटाच्या बाईंनी शांतपणे विचारले की मोडी वाचणाऱ्याला आपण चहावर बोलावणार आहात का. विषय तिथे मिटला आणि प्रत्येक बैठकीस माणशी ६०० रुपये ठरले.

पहिल्याच बैठकीत आमचा समज उलटा पडला. 'अंत्यज' हा शब्द सगळीकडून काढून टाकायचा, असे मी मनाशी धरून आलो होतो. त्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "काढू नका. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर हाच शब्द आहे. तुम्ही तो पुसला तर उद्या माझा नातू काय लिहून शोधणार? फक्त एवढं लिहा की हा शब्द राज्याचा होता, आमचा नव्हता." आजवा रस्त्याकडून येणारे एक काका त्यांना दुजोरा देत म्हणाले, "ताई बरोबर बोलतात. शब्द राहू द्या, पण दारावरची पाटी म्हणून नको." यातून जी पद्धत निघाली ती अशी: विषय-शीर्षक म्हणून 'अंत्यज' राहिले नाही, पण तो शब्द शोधणाऱ्याला नव्या शीर्षकाकडे नेणारी 'पाहा' नोंद कायम राहिली आणि मूळ कागदावर तो जिथे आहे तिथे तसाच राहिला.

मग नवे शीर्षक कोणते, यावर तीन बैठका गेल्या. कार्डांवर बहुतेक ठिकाणी 'हरिजन' होते. तो शब्द गांधीजींनी प्रचारात आणला आणि १९३३ पासून त्या नावाचे साप्ताहिकही निघू लागले. पण १९३८ साली मुंबई विधानसभेत याच शब्दाच्या वापराला विरोध म्हणून डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले होते. १९६० साली कार्ड लिहिताना हे माहीत नसणे शक्य नव्हते, असे काका म्हणाले, आणि मला त्यावर उत्तर नव्हते. 'अनुसूचित जाती' हा पर्याय सरकारी म्हणून सुरक्षित वाटत होता. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी त्यातली अडचण दाखवली: ही संज्ञा १९३५ च्या कायद्याने आली, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मे १९४९ रोजी, आणि आमचे बहुतेक कागद १८८५ ते १९२० या काळातले. त्या काळातल्या माणसांवर नंतरच्या कायद्याचे नाव चिकटवणे म्हणजे दुसरी चूक. उरला 'दलित'. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषय-शीर्षकांच्या यादीतही आता 'दलित' हेच शीर्षक आहे, पण आपल्याकडे ऑगस्ट २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' म्हणण्याचा सल्ला दिला होता, हे एका तरुण वाचकाने लक्षात आणून दिले. शेवटी असे ठरले की कागदात जातीचे स्वतःचे नाव स्पष्ट असेल तर तेच, आदराने आणि आजच्या लेखनाप्रमाणे, पहिले शीर्षक. 'दलित' हे व्यापक शीर्षक. आणि १९५० नंतरच्या सरकारी कागदांपुरते 'अनुसूचित जाती'. एका ज्येष्ठ वाचकांना 'हरिजन' जायला नको होता, कारण त्यांच्या वडिलांनी तो शब्द अभिमानाने लावला होता. त्यांच्या घराण्याच्या कागदांवर तो त्यांच्या नावानिशी ठेवला आहे. एकमत झाले नाही, आणि झाले नाही असे नोंदवले आहे. मला हेच पसंत पडले.

'गुन्हेगार जमाती' या शीर्षकाखाली आमच्याकडे एकोणीस पुस्तके होती. १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, १९११ च्या दुरुस्तीने तो ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करता येऊ लागला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो हटला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायद्याचे नाव कायद्याचे म्हणून राहिले. माणसांचे शीर्षक 'विमुक्त जमाती' केले, मात्र १९५२ पूर्वीच्या पुस्तकांना ते एकटे लावले नाही, त्या त्या जमातीचे नाव आधी लावले. यावर फार चर्चा झाली नाही. बैठकीस आलेल्या छारा या विमुक्त समाजातील एक भगिनी एवढेच म्हणाल्या, "आमच्या पोरांनी हे कपाट बघितलं असतं तर परत आली नसती."

मला सर्वात जास्त शिकवणारी नोंद मात्र शिवीची नव्हती, सभ्य शब्दांची होती. १९५६ नंतरच्या एका लेखाचे कात्रण आमच्याकडे आहे. त्याचे कार्ड असे होते: 'डॉ. आंबेडकर, बडोदे येथील नोकरी, राहण्याच्या गैरसोयीमुळे सोडली'. यात एकही अपशब्द नाही. पण झाले काय होते, हे बडोद्यात प्रत्येकाला ठाऊक आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेला हा विद्वान कराराप्रमाणे नोकरीसाठी १९१७ साली बडोद्यास आला, शहरात कोणी त्यास जागा दिली नाही, जात लपवून एका पारशी पथिकाश्रमात तो उतरला, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यास बाहेर काढले, आणि रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्याने कमाटी बागेत झाडाखाली बसून काढला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. याला 'राहण्याची गैरसोय' म्हणणे हे आमच्या कार्डातले सर्वात हानिकारक वाक्य होते, असे गटाच्या बाई म्हणाल्या, आणि ते शब्दांच्या कोणत्याही यादीत कधी सापडले नसते. नवे वर्णन सरळ आहे: 'जातीमुळे शहरात जागा नाकारल्याने बडोद्यातील नोकरी सोडावी लागल्याबद्दल'. आपल्या शहराविषयी लिहिताना हात कसा आपोआप मऊ पडतो, हे त्या दिवशी कळले.

छायाचित्रांच्या पेटीत एक चित्र आहे, दोन नर्तकी आणि मागे वादक. कार्डावर 'आंदणात आलेल्या तंजावरच्या नाचणाऱ्या' असे होते. १८८० साली सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला आणि त्यांच्यासोबत भरतनाट्यम् करणारा ताफा बडोद्यास आला, ही गोष्ट खरी. त्यांत गौरा आणि कांतिमती ही नावे सर्वज्ञात आहेत, त्या राज्याच्या कलावंत कारखान्यात नोकरीस होत्या आणि कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे येथील विद्यापीठात नृत्य शिकवले. मी उत्साहाने म्हणालो की आता कार्डावर ही दोन नावे घालून टाकू, वस्तूसारखे वर्णन जाईल आणि माणसे येतील. गटाने नकार दिला. चित्राच्या पाठीमागे नाव नाही, तारीख नाही, छापखान्याचा शिक्का अर्धा फाटलेला आहे. या त्याच दोघी असतील असे म्हणायला आधार काय? सन्मान म्हणून चुकीचे नाव देणे हाही अपमान, कारण मग त्या दुसऱ्या दोघी कायमच्या पुसल्या जातील. नोंद आता 'तंजावर परंपरेच्या दोन नर्तकी आणि साथीदार, बडोदे दरबार, नावे अज्ञात' अशी आहे आणि गौरा-कांतिमतींच्या माहितीकडे नेणारा दुवा वेगळा दिला आहे. मला थोडे वाईट वाटले, पण त्यांचे म्हणणे बरोबर होते.

बायकांच्या नावांचे काम कंटाळवाणे आणि मोठे होते. 'अमुक वहिवाटदार यांची पत्नी, पत्रे १२' अशा २३१ नोंदी निघाल्या. त्यांतल्या बहुतेक पत्रांच्या शेवटी सही स्पष्ट आहे. कार्ड लिहिणाऱ्याने ती वाचलीही असणार, कारण पत्रांची संख्या अचूक आहे. १८६ ठिकाणी नावे मिळाली.

संगणकाच्या बाजूविषयी थोडे लिहितो, कारण इतर वाचनालयांना ते उपयोगी पडेल. गटाने आमची सूची कोहा या मोफत प्रणालीत चढवली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातील ग्रंथालयांसाठी १९९९ साली तयार झालेल्या या प्रणालीचे नाव माओरी भाषेतले असून त्याचा अर्थ भेट असा आहे. तिच्यात प्रत्येक नोंदीचे ठरावीक क्रमांकांचे रकाने असतात: २४५ मध्ये ग्रंथनाम, ६५० मध्ये विषय, ५०० मध्ये साधारण टीप, ५८३ मध्ये त्या नोंदीवर केलेल्या कामाची टीप. आमचे तीन आवाज या रकान्यांत नीट बसले. शिवाय ५८३ मध्ये कोणता शब्द कधी, कोणत्या बैठकीत आणि का बदलला, हे दोन ओळींत लिहिले आहे, त्यामुळे वीस वर्षांनी आमचा निर्णय कोणाला चुकीचा वाटला तर त्याला तो उलटवताही येईल. २०२२ च्या नोव्हेंबरात आलेल्या २२.११ या आवृत्तीपासून कोहात वाचकाला सूचीच्या पानावरूनच एखाद्या नोंदीविषयी तक्रार नोंदवण्याची सोय आहे. ती बंद असते, चालू करावी लागते. आम्ही केली. मूळ कार्डांची छायाचित्रे प्रत्येक नोंदीला जोडली आहेत आणि कार्डे फेकलेली नाहीत. जुन्या ग्रंथपालांच्या नातीने ती आपल्या हातांनी नव्या खोक्यांत लावून दिली. बैठकांनाही ती आली होती. आजोबांचा बचाव तिने केला नाही आणि कोणी त्यांना दोष देत बसले नाही.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे. बैठका सुरू होण्याआधीच गटातल्या तरुणाने बाहेरून मिळवलेली एक शब्दयादी घेऊन काही बदल एकगठ्ठा करून टाकले होते. 'महारोगी' च्या जागी 'कुष्ठरुग्ण' झाले, ते ठीक. पण 'वेडा', 'वेडी' च्या जागी 'मनोरुग्ण' घालताना त्याने विषयाचा रकाना, टिपांचा रकाना आणि ग्रंथनामाचा रकाना यांत फरक केला नाही. परिणामी बालकवितेच्या एका पुस्तकाच्या नावातला वेडा राघू हा पक्षी मनोरुग्ण राघू झाला, आणि 'पाने वेडीवाकडी कापलेली' ही पुस्तकाच्या अवस्थेबद्दलची टीप 'पाने मनोरुग्णवाकडी कापलेली' अशी वाचकांना दिसू लागली. हसून हसून पुरेवाट झाली हे खरे, तरी ग्रंथनामाला हात लावायचा नाही हे तत्त्व ज्यांनी आम्हाला शिकवले त्यांच्याकडूनच ते मोडले गेले होते. जुनी प्रत राखलेली असल्याने दोन दिवसांत सगळे पूर्ववत झाले. त्याच यादीतून 'दिव्यांग' हा शब्दही सरसकट आला होता. अंध वाचकांसाठीच्या आमच्या विभागात नेहमी येणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितले की 'अंध' म्हणजे अंध, त्यात कमीपणा काही नाही, आम्हाला विचारल्याशिवाय आमचे नाव बदलू नका. तेही परत फिरवले. मराठी शब्दाला प्रत्यय लागून त्याची रूपे पालटतात आणि एकाच शब्दाला दहा छटा असतात, तेव्हा एकगठ्ठा बदलाची कळ मराठी सूचीत शक्यतो दाबूच नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

दुसरी तक्रार वेळेची. पहिल्या दोन बैठका त्यांनी मंगळवारी सकाळी अकरा वाजता ठेवल्या. ज्यांचे म्हणणे ऐकायचे ते त्या वेळी कामावर असतात. आलेल्यांत निवृत्त माणसेच जास्त, आणि त्यांतही आमचेच नेहमीचे सभासद. पुढच्या बैठका रविवारी संध्याकाळी घेतल्या तेव्हा चित्र बदलले. मानधनाचा आग्रह धरणाऱ्या गटाच्या लक्षात ही साधी गोष्ट आली नाही, याचे नवल वाटते.

तिसरी, मोडीची गती. गृहस्थ वाचतात उत्तम, पण एकटेच आहेत, आणि ६४ पैकी ४१ रुमालच पूर्ण झाले. करारात सगळे ६४ होते. उरलेले २३ दिवाळीपर्यंत करून देण्याचे त्यांनी लेखी कबूल केले आहे, त्यासाठी वेगळे पैसे घेणार नाहीत.

चौथी लहान आहे. सूचीच्या पहिल्या पानावर त्यांनी एक लांबलचक निवेदन लिहून दिले होते, ज्यात क्षमायाचना चार वेळा होती आणि माहिती एकदाच. आमच्या विश्वस्तांनी ते कापून तीन वाक्यांचे केले: या सूचीत जुन्या काळची अपमानकारक भाषा मूळ कागदांत आढळेल, आमच्या स्वतःच्या वर्णनांत ती आढळल्यास कळवावे, बदल कोणी व कसे केले ते प्रत्येक नोंदीच्या टिपेत पाहावे. वाचकाला एवढे पुरते.

खर्चाचे सांगतो. गटाची फी ४२,००० रुपये, मानधनावर १९,८०० रुपये, नवी खोकी आणि आम्लरहित कागद यांवर सुमारे ७,००० रुपये. कोहासाठी प्रणालीचे पैसे नाहीत, पण ती चालवायला एक बरा संगणक आणि महिन्यातून एकदा कोणीतरी जाणकार लागतो. लहान वाचनालयाला ही रक्कम जड आहे. आम्ही ती दोन वर्षांची नवी पुस्तक-खरेदी निम्मी करून उभी केली आणि त्यावर वार्षिक सभेत बरेच ऐकूनही घेतले.

एका सभासदांचा प्रश्न असा होता की मोठ्या संस्था आपल्या शीर्षकांच्या याद्या सुधारतीलच, त्या आल्या की घ्याव्यात, आपण का खपावे. त्यावर एक उदाहरण पुरे आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत स्थलांतरितांसाठी 'इल्लीगल एलियन्स', म्हणजे 'बेकायदा परके', असे शीर्षक होते. डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ साली त्याविरुद्ध आवाज उठवला, २०१६ साली ग्रंथालयाने बदल जाहीर केला, अमेरिकन संसदेतील विरोधामुळे तो अडला, आणि शीर्षक प्रत्यक्ष बदलले ते नोव्हेंबर २०२१ मध्ये. एका शीर्षकाला सात वर्षे. आणि त्या यादीत गायकवाडी कागदांतले 'अंत्यज' किंवा 'कलावंतीण' हे शब्द येण्याची वाट पाहायची तर आमचे रुमाल आधी वाळवी खाईल. बडोद्याला अशा कामाची परंपरा नाही असेही नाही. १९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, तेव्हा बाहेरच्या वर्गीकरण-पद्धती जशाच्या तशा न उचलता त्यांत इथल्यापुरते फेरफार करून घेतले होते.

ज्यांच्याकडे केवळ छापील कादंबऱ्या आणि मासिके आहेत त्यांना या सेवेची गरज नाही. विषय-शीर्षकांवर एक रविवार बसले तर काम घरच्या घरी होईल. ज्यांच्याकडे घराण्यांचे कागद, संस्थानी दप्तर, जुनी छायाचित्रे किंवा मिशनच्या शाळांची रजिस्टरे आहेत, त्यांनी या लोकांना जरूर बोलवावे. मात्र करारात तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात: ग्रंथनामाच्या रकान्यात कोणताही बदल होणार नाही, एकगठ्ठा बदल आमच्या माणसाच्या देखत आणि जुनी प्रत राखूनच होईल, आणि बैठका सुट्टीच्या दिवशी होतील. पाचापैकी किती गुण, असे विचारले तर मी चार देईन. राघूचा प्रकार घडला नसता तर साडेचार दिले असते.

सूची वाचकांसाठी खुली होऊन आता दोन महिने झाले. तक्रारीच्या सोयीतून आतापर्यंत नऊ नोंदी आल्या. सहा बायकांच्या नावांच्या शुद्धलेखनाविषयी आहेत, आणि त्यांतल्या चार बरोबर निघाल्या. एकात एका वाचकाने आपल्या पणजीचे माहेरचे नाव कळवले आहे, ते टिपेत त्यांच्या नावानिशी घातले. एक माळ्यावरच्या दिव्याविषयी आहे. नववी त्या निवृत्त शिक्षिकांची: विहिरीच्या कागदात गावाचे नाव मोडीत चुकीचे वाचले गेले आहे, शेवटचे अक्षर 'ड' नसून 'द' आहे, तरी रुमाल पुन्हा सोडून पाहावा. गृहस्थांनी गेल्या रविवारी तो सोडला. 'द'च आहे.